१०८ च्या गाडीतली माणसं कोण? डॉक्टर, पायलट, फोनवरचे कर्मचारी आणि नव्या करारात काय बदलणार : सविस्तर माहिती

चिंचवड : रात्री दोन वाजता खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या वाडीत कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की घरातलं कुणीतरी मोबाईल काढून १०८ लावतं. चाकणच्या कंपनीत मशीनमध्ये हात सापडला, नाशिक रोडवर दुचाकी घसरली, मावळात बाईला कळा सुरू झाल्या, तरी हाच नंबर. तीन आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण फोन उचलतो कोण, गाडीत बसलेले दोघं कोण, त्यांना पगार कोण देतं आणि त्यांच्या नोकरीचं काय चाललंय, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ही माहिती गावालाही उपयोगाची आहे, कारण दारात गाडी उभी असून चालक किंवा डॉक्टर नसेल तर ती गाडी नुसता पत्रा आहे.

थोडक्यात महत्त्वाचं

• राज्यात १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ पासून सुरू आहे. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.
• सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ गाड्या. त्यातल्या २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस प्रकारच्या.
• सेवा सरकारची, पण गाडीवरचे डॉक्टर आणि पायलट सरकारी नोकर नाहीत. ते सेवा चालवणाऱ्या कंपनीचे कर्मचारी असतात.
• २०२४ मध्ये सरकारने नवा करार दिला. त्यात एकूण १,७५६ रुग्णवाहिकांचं नियोजन आहे.

चिंचवडचा संबंध काय?

१०८ नंबरची सुरुवात आपल्याकडची नाही. १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादमध्ये, म्हणजे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, ही सेवा पहिल्यांदा सुरू झाली. मग एकेक राज्य त्यात आलं. महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताक दिनी ती सुरू झाली. सरकारी कागदात तिचं नाव 'महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा'. राज्याचा आरोग्य विभाग आणि राष्ट्रीय आरोग्य अभियान यांच्यामार्फत ती चालते.

सेवा चालवण्याचं काम मिळालं बीव्हीजी इंडिया या कंपनीला. या कंपनीचं मुख्य कार्यालय चिंचवडला, पुणे-मुंबई रस्त्यावर आहे. संस्थापक हणमंतराव गायकवाड मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये ते नोकरीला होते. कारखान्यातल्या साफसफाईच्या कामापासून सुरू झालेली ही कंपनी पुढे रुग्णवाहिका सेवेपर्यंत पोचली. रस्त्यावर दिसणाऱ्या १०८ च्या बहुतेक जुन्या गाड्या फोर्सच्या ट्रॅव्हलर बनावटीच्या आहेत आणि फोर्स मोटर्सचं मुख्यालयही इथंच, आकुर्डीला. त्यामुळे गडचिरोली असो की सिंधुदुर्ग, राज्यात कुठंही १०८ ची गाडी धावली तरी तिचा एक धागा या औद्योगिक पट्ट्याशी जोडलेला असतो. करार, भरती, पगार, पाळ्या यांच्या निर्णयाचा परिणाम मात्र वाडा, डेहणे, घोडेगाव, वडगाव मावळ इथल्या गाडीवर दिसतो.

फोन लावल्यावर पलीकडे कोण असतं?

बऱ्याच जणांना वाटतं, १०८ लावला की फोन जवळच्या सरकारी दवाखान्यात वाजतो. तसं नाही. राज्यभरातले फोन पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या नियंत्रण कक्षात जातात. तिथं चोवीस तास कर्मचारी बसलेले असतात. ते कुठल्याही जिल्ह्यातला फोन घेतात, त्यामुळे त्यांना आपली वाडी, आपला ओढा, आपला फाटा माहीत असेलच असं नाही. 'मारुतीच्या देवळापाशी या' एवढ्यानं त्यांना काही कळत नाही, कारण मारुतीचं देऊळ प्रत्येक गावात आहे.

म्हणून ते प्रश्न विचारतात. जिल्हा कोणता, तालुका कोणता, गाव कोणतं, जवळची मोठी खूण काय, रुग्ण किती, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. लोक इथंच चिडतात. 'आधी गाडी पाठवा, प्रश्न नंतर विचारा' म्हणतात. पण जागा कळल्याशिवाय कोणती गाडी जवळ आहे हे पडद्यावर दिसत नाही आणि आजार कळल्याशिवाय कोणत्या प्रकारची गाडी पाठवायची हे ठरत नाही. गाडी ठरली की फोन गाडीतल्या डॉक्टरशी जोडून देतात. या फोनवर डॉक्टर जे सांगतात ते ऐकून करायचं असतं. उपचार तिथूनच सुरू झालेले असतात.

गाडीत कोण असतं?

डॉक्टर : महाराष्ट्रातल्या १०८ सेवेची रचना करताना प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा असं ठरलं. अनेक राज्यांत रुग्णवाहिकेत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर ठेवले गेले. यातले बहुसंख्य बीएएमएस, म्हणजे आयुर्वेद पदवीधर. त्यांना आपत्कालीन उपचारांचं वेगळं प्रशिक्षण दिलं जातं. श्वासनलिका मोकळी ठेवणं, छाती दाबून हृदय चालू करायचा प्रयत्न करणं, रक्तस्राव थांबवणं, सलाईन लावणं, हाड मोडलं असेल तर आधार बांधणं, वाटेत बाळंतपण करावं लागलं तर तेही.

त्यांचं काम रुग्णाला बरं करण्याचं नसतं. तो जिवंत आणि स्थिर अवस्थेत योग्य रुग्णालयात पोचला पाहिजे, हे त्यांचं काम. हा फरक समजून घेतला तर बरेच वाद टळतील. गाडीत ऑपरेशन होत नाही, रक्त चढवलं जात नाही, एक्स-रे निघत नाही.

पायलट : १०८ च्या चालकाला 'पायलट' म्हणतात. हैदराबादच्या काळापासून रुग्णवाहिका सेवेत हा शब्द रूढ झाला. पायलट फक्त स्टेअरिंग धरत नाही. स्ट्रेचर काढणं, रुग्णाला उचलणं, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का बघणं, गाडी धुऊन निर्जंतुक करणं, डिझेल आणि किलोमीटरची नोंद ठेवणं, गर्दीत वाट काढणं ही त्याची कामं. डोंगरी भागात तर रस्ता जिथं संपतो तिथून रुग्णाला झोळीतून खाली आणायलाही बऱ्याचदा तोच हात लावतो. दिवस-रात्र पाळ्यांमध्ये काम चालतं. दिवाळी, गणपती, जत्रा या दिवशी गाव सुट्टीवर असतं तेव्हा हे दोघं कामावर असतात. पंढरीच्या वारीत पालखी मार्गावरही १०८ च्या गाड्या तैनात असतात.

पडद्यामागचे : याशिवाय जिल्ह्यातल्या गाड्यांवर देखरेख करणारे व्यवस्थापक, गाड्यांची दुरुस्ती बघणारे, औषधांचा साठा पुरवणारे, प्रशिक्षण देणारे असे कर्मचारी असतात. गाडी जागेवर असूनही सुटत नाही तेव्हा कारण बहुधा यातल्याच एखाद्या कड्यात असतं. टायर आलेला नसतो, गाडी दुरुस्तीला असते, किंवा रजेवर गेलेल्याच्या जागी बदली माणूस मिळालेला नसतो.

एएलएस आणि बीएलएसमध्ये फरक काय?

बीएलएस म्हणजे प्राथमिक जीवरक्षक गाडी. तिच्यात ऑक्सिजन, स्ट्रेचर, घशातला स्राव ओढायचं यंत्र, मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या पट्ट्या, बाळंतपणाचं साहित्य आणि प्रथमोपचाराची औषधं असतात.

एएलएस म्हणजे प्रगत जीवरक्षक गाडी. तिच्यात याशिवाय व्हेंटिलेटर, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र अशी साधनं असतात. अतिगंभीर रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवायला ही गाडी लागते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा दंडक असा, की साधारण १ लाख लोकसंख्येमागे एक बीएलएस आणि ५ लाखांमागे एक एएलएस गाडी असावी. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या हिशोबाने ९३७ गाड्या म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास लोकांमागे एक गाडी. २०११ नंतर लोकसंख्या वाढली, चाकण-तळेगाव पट्ट्यात तर बाहेरून आलेल्या कामगारांची मोठी भर पडली. गाडी आणि माणसं कमी पडतात असं गावात जाणवतं, त्यामागे हा साधा हिशोब आहे. एक गाडी पिंपरीला रुग्ण सोडायला गेली, की ती परत येईपर्यंत मागचा भाग दुसऱ्या तालुक्याच्या गाडीवर असतो.

माळीणचा पहिला धडा

सेवा सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. १५० हून अधिक माणसं गेली. गाव गडप झाल्याचं सगळ्यात आधी लक्षात आलं ते रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाच्या. ज्यांना १०८ लावता आला असता ती माणसंच ढिगाऱ्याखाली होती.

बचावकार्यात १०८ च्या गाड्या आणि डॉक्टर तिथं होते. पाऊस, चिखल, अरुंद रस्ता आणि मंचर-घोडेगावपर्यंतचं अंतर. त्या दिवसांनी दाखवून दिलं की डोंगरी तालुक्यात नकाशावरचे किलोमीटर कामाचे नाहीत, तो भाग ओळखणारा पायलट कामाचा. कोणता पूल पावसात पाण्याखाली जातो, कोणत्या वळणावर मोठी गाडी वळत नाही, कोणत्या गावात रात्री कुणाला उठवलं की मदत मिळते, हे त्याच्या डोक्यात असतं. असा माणूस नोकरी सोडून गेला, की त्याच्याबरोबर हे ज्ञानही जातं. नवा येतो, त्याला ते शिकायला एक पावसाळा लागतो. पुढे २०२० मध्ये कोविड आला तेव्हा हेच कर्मचारी पीपीई किट घालून रुग्णांची ने-आण करत होते.

सरकारी की कंत्राटी?

गाडीवर सरकारचं नाव असतं, त्यामुळे 'तुम्हाला सरकार पगार देतं ना' असं लोक पायलटला सुनावतात. प्रत्यक्षात सरकार सेवेचे पैसे कंपनीला देतं आणि कंपनी कर्मचाऱ्यांना पगार देते. निवृत्तिवेतन, वेतन आयोग, सरकारी रजा यांपैकी काहीही त्यांना आपोआप लागू होत नाही.

म्हणूनच राज्यातल्या रुग्णवाहिका चालकांनी वेळोवेळी आंदोलनं केली आहेत. मागण्या साधारण त्याच असतात : पगार वाढवा आणि वेळेवर द्या, जादा तासांचे पैसे द्या, समान कामाला समान वेतन द्या, कंत्राट बदललं तरी जुन्या माणसाला कामावर ठेवा. सरकारची अडचण अशी, की ही सेवा एक दिवसही बंद ठेवता येत नाही. कर्मचाऱ्यांची अडचण अशी, की सेवा बंद न ठेवता बोललं तर कुणी ऐकत नाही. गावाला या भांडणात कुणाची तरी बाजू घ्यावीच लागते असं नाही, पण गाडी का थांबली हे कळायला ही दोन्ही टोकं माहीत असलेली बरी.

नव्या करारात काय आहे?

जुना करार मुदत संपल्यावरही वाढवत नेला गेला. २०२४ मध्ये सरकारने सुमीत फॅसिलिटीज, स्पेनमधली एसएसजी ही कंपनी आणि बीव्हीजी यांच्या एकत्रित गटाला १० वर्षांसाठी नवं काम दिलं. निविदेच्या रकमेवरून आणि पद्धतीवरून त्या वेळी राजकीय वादही झाला. नव्या नियोजनात गाड्या अशा :

• एएलएस : २५५
• बीएलएस : १,२७४
• दुचाकी रुग्णवाहिका : १६६
• बोट रुग्णवाहिका : ३६
• नवजात बाळांसाठी खास रुग्णवाहिका : २५
• एकूण : १,७५६

म्हणजे चारचाकी एएलएस-बीएलएसच धरल्या तर ९३७ वरून १,५२९. दुचाकी रुग्णवाहिका राज्याला नवी नाही, ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत ती पहिल्यांदा सुरू झाली. कोंडीत अडकणाऱ्या शहरात आणि जिथं मोठी गाडी पोचत नाही अशा डोंगरी भागात तिचा उपयोग. ती रुग्णाला नेत नाही, औषध आणि ऑक्सिजन घेऊन आधी पोचते आणि मागून मोठी गाडी येते.

गाड्या वाढणार म्हणजे माणसंही वाढायला हवीत. एक गाडी चोवीस तास चालवायची तर एक डॉक्टर आणि एक पायलट पुरत नाहीत. पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, आजारपण, रजा धरून प्रत्येक गाडीमागे अनेक माणसं लागतात. म्हणून आपल्या तालुक्यात नवी गाडी आल्याचा फोटो बघितला, की गावकऱ्यांनी दुसरा प्रश्न विचारायला हवा : या गाडीवर दोन्ही पाळ्यांना डॉक्टर आणि पायलट नेमलेत का? ग्रामसभेत, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा प्रश्न विचारता येतो.

कंत्राट बदलताना कर्मचाऱ्यांनी काय तपासावं?

या भागातल्या अनेक घरांतली मुलं १०८ वर, १०२ वर किंवा कंपन्यांच्या रुग्णवाहिकेवर काम करतात. ठेकेदार बदलला की गोंधळ होतो. त्या वेळी पुढच्या गोष्टी बघाव्यात.

१. नेमणूकपत्र : नवीन कंपनीचं लेखी पत्र घ्यावं. त्यात पद, पगार, कामाचे तास आणि मुदत लिहिलेली हवी. तोंडी शब्दावर जुनी नोकरी सोडू नये.

२. पीएफ : यूएएन नंबर आयुष्यभर एकच राहतो. नव्या ठेकेदाराला तोच नंबर द्यावा, नवा काढू देऊ नये. जुन्या ठेकेदाराने शेवटच्या महिन्यापर्यंत रक्कम भरली का, हे मोबाईलवर पासबुकात दिसतं.

३. ईएसआय : महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असेल तर साधारणपणे ईएसआय लागू होतो. विमा क्रमांक जपून ठेवावा. कुटुंबालाही उपचार मिळतात. चिंचवडला मोहननगरमध्ये राज्य कामगार विम्याचं रुग्णालय आहे.

४. ग्रॅच्युइटी : एकाच मालकाकडे सलग ५ वर्षं झाली असतील तर मालक बदलताना जुन्याकडे ग्रॅच्युइटीचा अर्ज करावा. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांसाठी नव्या कामगार संहितेत ही अट १ वर्षाची आहे.

५. थकलेला पगार : ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याच्यासाठी काम चालतं त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून हे तत्त्व मान्य आहे. हजेरीची नोंद, पगाराची चिठ्ठी, बँकेचं स्टेटमेंट घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

भरतीबाबत एक सूचना. गाड्या वाढणार म्हटलं की 'साहेबांशी ओळख आहे, एवढे द्या, पायलटची ऑर्डर आणतो' म्हणणारे फिरायला लागतात. नोकरीसाठी कुणालाही रोख किंवा ऑनलाईन पैसे देऊ नयेत. भरतीची माहिती थेट कंपनीच्या किंवा जिल्हा आरोग्य कार्यालयाकडून घ्यावी. बारावी सायन्स झालेल्या मुला-मुलींसाठी आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हाही एक रस्ता आहे. २०२१ च्या कायद्यानं या पेशाला देशपातळीवर मान्यता मिळाली आहे. प्रवेशाआधी तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, ते मात्र नक्की बघावं.

१०२ आणि १०८ : गल्लत करू नका

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात उभी असते ती बहुधा १०२ ची गाडी. केंद्र सरकारने १ जून २०११ ला सुरू केलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाशी ती जोडलेली आहे. गरोदर बाईला घरून दवाखान्यात नेणं, गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात हलवणं आणि बाळंतपणानंतर घरी सोडणं, तसंच आजारी बाळाची ने-आण, हे तिचं काम. तेही मोफत. १०२ वर डॉक्टर नसतो, चालक असतो. तोही बहुतेक ठिकाणी कंत्राटीच.

• कळा सुरू आहेत, तब्येत ठीक आहे : १०२. गाडी मिळाली नाही तर १०८.
• रक्तस्राव, झटके, बेशुद्धी, बाळ अर्धवट बाहेर : थेट १०८.
• अपघात, छातीत दुखणं, सर्पदंश, विषबाधा, भाजणं : १०८.
• मारामारी, आग, पोलीस हवेत : ११२.
• राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला : १०३३ सुद्धा चालतो.

मृतदेह नेण्यासाठी १०८ ची गाडी मिळत नाही, त्यासाठी शववाहिका वेगळी. तपासणीच्या तारखेला दवाखान्यात जायला किंवा घरी सोडायलाही ती येत नाही.

वाद नेमके कुठं होतात?

पहिला वाद उशिराचा. शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटं हे सेवेचं उद्दिष्ट धरलं जातं. पण भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर या पट्ट्यातली कोंडी सगळ्यांनी बघितलेली आहे. चाकणच्या आंबेठाण चौकात, तळेगाव चौकात कंपनीच्या पाळ्या सुटतात तेव्हा सायरन वाजतो, गाडी हलत नाही. पायलटला शिव्या देऊन रस्ता मोकळा होत नाही. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कंटेनर, कंपनीची बस, टेम्पो, दुचाकी सगळ्यांना तो लागू होतो.

दुसरा वाद 'आम्ही म्हणतो त्या हॉस्पिटलला न्या' याचा. १०८ रुग्णाला त्याच्या आजारावर उपचार होतील अशा जवळच्या रुग्णालयात नेते. चाकणचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, पुण्याचं ससून यांपैकी कुठं न्यायचं हे रुग्णाच्या अवस्थेवर ठरतं. डॉक्टर जवळच्या ठिकाणी थांबायला सांगतात तेव्हा कंटाळा हे कारण नसतं. पुढचा तास रुग्ण तग धरणार नाही, असं त्यांना दिसत असतं.

तिसरा वाद सगळ्यात वाईट, तो म्हणजे हात उचलण्याचा. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवर हल्ला केला तर राज्याच्या २०१० च्या कायद्यानुसार ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. शिवाय मोडतोडीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. गाडीची काच फोडली तर ती गाडी दुरुस्तीला जाते आणि पुढचे काही दिवस आपल्याच गावाला गाडी मिळत नाही.

मात्र तक्रारच करू नये असं नाही. गाडी आली नाही, डॉक्टर नव्हते, ऑक्सिजन संपलेला होता, पैसे मागितले, तर फोन केल्याची वेळ, गाडीचा नंबर आणि ठिकाण लिहून जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. १०८ ला केलेल्या फोनची नोंद राहते, त्यामुळे वेळ पडताळता येते.

रस्त्यावर जखमी दिसला तर

पोलिसांच्या भीतीनं आजही अनेक जण थांबत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-ए आलं. मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्याला मिळणारं बक्षीस २०२५ मध्ये 'राहवीर' योजनेत ५ हजारांवरून २५ हजार रुपये करण्यात आलं. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही आहे.

गाडी येईपर्यंत काय करायचं?

• एक माणूस फाट्यावर उभा करा, रात्री बॅटरी घेऊन. फोन चालू आणि मोकळा ठेवा, १०८ वाले परत फोन करतात.
• श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. गाडी येईपर्यंत थांबू नका.
• साप चावला तर दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. तो भाग हलू देऊ नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
• औषध प्यायलं असेल तर बाटली बरोबर द्या. उलटी करवू नका.
• मशीनमध्ये बोट तुटलं तर तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका.
• अपघातात मान किंवा पाठ दुखत असेल तर आग किंवा वाहनांचा धोका असल्याशिवाय ओढून काढू नका.
• आधार कार्ड, चालू औषधं, जुने रिपोर्ट एका पिशवीत घ्या. कागद नसले तरी गाडी थांबवू नका.

गावानं आणखी एक गोष्ट करावी. आपल्या भागात उभी असणाऱ्या गाडीचे डॉक्टर आणि पायलट यांना एकदा गावात बोलवावं, वाड्या-वस्त्यांचे रस्ते दाखवावेत, पावसाळ्यात कोणता बंद होतो ते सांगावं. कंत्राट बदललं, माणसं बदलली, की पुन्हा दाखवावेत. रात्री दोनला वाडीची वाट विचारण्यात जी पंधरा मिनिटं जातात, ती यातून वाचतात.